वापरलेली अर्टिगा: सात जणांच्या घरासाठी केलेली खरेदी आणि नंतरचे सव्वा वर्ष

साताऱ्यातील आमच्या घरात आम्ही सात जण राहतो: आई, बाबा, आत्या, आम्ही दोघे नवरा-बायको आणि दोन मुले. दरवर्षी गणपतीला गुहागर तालुक्यातील मूळ गावी जायचे, तेव्हा पाच जण आमच्या पाच आसनी गाडीत आणि उरलेले दोघे एसटीने, अशी विभागणी अनेक वर्षे चालली. पुढे आत्याच्या गुडघ्यांना बसची उंच पायरी झेपेना, मुलगा चौदा वर्षांचा होऊन माझ्या खांद्याला लागला, आणि भाड्याची मोठी गाडी ऐन गणपतीत हवी असेल तर महिनाभर आधी सांगून ठेवावे लागू लागले. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही वापरलेली मारुती सुझुकी अर्टिगा घेतली. जून २०१९ ची नोंदणी, पुणे पासिंग, पेट्रोल, व्हीएक्सआय हा प्रकार, साधा गिअरबॉक्स, पहिल्याच मालकाकडे असलेली आणि ५८,००० किलोमीटर चाललेली ही गाडी आम्हाला ७ लाख ४० हजार रुपयांना पडली. आज तिच्या काट्यावर ७७,००० चा आकडा आहे. एवढ्या वापरानंतर तिच्याबद्दल आणि ती मिळेपर्यंत कराव्या लागलेल्या शोधाबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले, कारण आमच्यासारखी घरे पुष्कळ आहेत आणि सात-आठ लाख रुपये ही कोणत्याही मध्यमवर्गीय घरासाठी लहान रक्कम नाही.

सात आसनी गाडी पाहायला गेलेला माणूस सवयीने आधी चालकाच्या जागेवर बसतो, स्टार्टर मारतो आणि मग बोनेट उघडायला सांगतो. माझे म्हणणे असे आहे की त्याने आधी मागचे दार उघडून, मधली सीट पुढे सरकवून, तिसऱ्या रांगेत जाऊन बसावे. तेथे त्याच्या घरातील जे माणूस बसणार आहे त्यालाही सोबत न्यावे, पंधरा मिनिटे बसवावे आणि मग उतरायला सांगावे. पुढच्या दोन रांगा बहुतेक सगळ्या गाड्यांत चांगल्याच असतात. पाच आसनी गाडी सोडून आपण जे जास्तीचे पैसे मोजतो ते त्या मागच्या दोन जागांसाठी, आणि त्या जागा जर केवळ नावापुरत्या असतील तर इंजिन कितीही चांगले असले तरी त्या गाडीचा आपल्याला उपयोग नाही.

या कसोटीवर आम्ही बऱ्याच गाड्या पारखल्या. इनोव्हा २००५ पासून आपल्या रस्त्यांवर आहे आणि तिच्या तिसऱ्या रांगेत मोठी माणसे खरोखर बसू शकतात, परंतु आमच्या पैशांत येणारी इनोव्हा दहा-बारा वर्षांची आणि दोन लाख किलोमीटरच्या पुढची होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर पुन्हा तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते, हा हिशेब केल्यावर तो विचार आम्ही सोडला. बोलेरोच्या मागच्या जागा समोरासमोरच्या, आडव्या आहेत, त्यामुळे घाटात तेथे वृद्ध माणसाला किंवा लहान मुलाला बसवणे मला पटत नाही. झायलो ऐसपैस आहे, पण तिचे उत्पादन २०१९ मध्येच थांबले. शेवरोलेची एन्जॉय फार स्वस्त मिळते, आणि कंपनीने २०१७ मध्ये भारतातील विक्री बंद केली हेच त्या स्वस्ताईचे कारण आहे. होंडाची मोबिलिओही त्याच वर्षी बंद झाली. महिंद्राची मराझो मला मनापासून आवडली होती, कारण तिची तिसरी रांग चांगली आहे आणि ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१८ च्या धडक चाचणीत तिला पाचपैकी चार तारे मिळाले होते. परंतु आमच्या भागात तिच्या विकाऊ गाड्याच इतक्या थोड्या होत्या की निवड करायला वाव राहिला नाही.

खरा विचार झाला तो रेनॉ ट्रायबर आणि अर्टिगा या दोघींचा. ट्रायबर २०१९ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आली. लांबी चार मीटरच्या आत, म्हणजे ३,९९० मिलिमीटर, आणि तेवढ्यात तिन्ही रांगा बसवण्याची जी हुशारी त्यात आहे तिला दाद द्यावी लागेल. तिसऱ्या रांगेच्या दोन्ही सीटा चक्क काढून घरी ठेवता येतात, मागच्या दोन्ही रांगांना एसीचे झोत आहेत, आणि २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपने तिला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी चार तारे दिले. शहरात राहणाऱ्या, सहा-सात जणांनी कधीतरीच एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाला मी तीच गाडी सुचवीन. आमची अडचण घाटाची होती. ट्रायबरचे इंजिन ९९९ सीसीचे, तीन सिलिंडरचे आणि ७२ पीएस ताकदीचे आहे, तर २०१८ ते २०२२ दरम्यानच्या अर्टिगाचे १,४६२ सीसीचे, चार सिलिंडरचे आणि १०५ पीएसचे. सात माणसे आणि सामान घेऊन गुहागरच्या वाटेवरचा कुंभार्ली घाट चढणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. सगळ्या सीटा जागेवर असताना ट्रायबरच्या डिकीत ८४ लिटर जागा उरते आणि अर्टिगाच्या डिकीत २०९ लिटर, हे दुसरे कारण.

अर्टिगा पहिल्यांदा एप्रिल २०१२ मध्ये आली आणि तिचे दुसऱ्या पिढीचे रूप नोव्हेंबर २०१८ मध्ये. जुन्या पिढीच्या गाड्या बऱ्याच कमी पैशांत मिळतात, म्हणून आम्ही आधी त्याच पाहिल्या. दोन्हींच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर सारखेच, २,७४० मिलिमीटर आहे, पण नवी गाडी ४,२६५ वरून ४,३९५ मिलिमीटर लांब झाली आणि थोडी रुंदही झाली. ही वाढ बाबांना मागे बसवल्याबरोबर जाणवली. बाबांची उंची पाच फूट नऊ इंच आहे. जुन्या गाडीत त्यांचे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकले आणि मान तिरकी झाली, तर नव्या पिढीच्या गाडीत मधली सीट चार बोटे पुढे घेतल्यावर ते सरळ बसू शकले. मांड्या मात्र सीटवर पूर्ण टेकत नाहीत, कारण बैठक गाडीच्या तळापासून फार उंच नाही. दोन तासांच्या प्रवासाला मोठ्या माणसाला ही जागा चालते, सहा तासांना चालत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. मुलांना ती केव्हाही पुरते.

इंधनाचा निर्णय घेताना आम्ही डिकीकडे पाहिले. सीएनजीची अर्टिगा वापरायला स्वस्त पडते, परंतु तिची ६० लिटरची टाकी तिसऱ्या रांगेच्या मागेच बसते आणि सातही जण निघाले की पिशव्या मांडीवर घ्याव्या लागतात. ज्यांना रोज शहरात पन्नास-साठ किलोमीटर चालवायचे आहे त्यांचा हिशेब वेगळा असेल. त्यांनी टाकीवरील धातूची पट्टी अवश्य पाहावी, कारण दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची तपासणी, करणे बंधनकारक आहे आणि त्या तपासणीची तारीख तेथे कोरलेली असते. टाकी बाहेरून बसवलेली असेल तर आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) तिची नोंद आहे का, हेही तपासावे. डिझेल अर्टिगा एप्रिल २०२० पासून नवी मिळत नाही. जुन्या डिझेल गाड्या अ‍ॅव्हरेज उत्तम देतात, पण त्यातील बहुतेक प्रवासी वाहतुकीत भरपूर पळालेल्या असतात. आमचा वापर वर्षाला पंधरा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणून पेट्रोल.

आता शोधाबद्दल. आमच्या जुन्या गाडीची वर्षानुवर्षे देखभाल करणारे मिस्त्री प्रत्येक वेळी सोबत आले आणि त्यांच्या त्या दिवसांच्या मजुरीचा एकेक रुपया सार्थकी लागला. महामार्गालगतच्या एका विक्रेत्याकडे आम्ही २०१९ चीच एक पांढरी अर्टिगा पाहिली. रंग चकचकीत, सीट कव्हर नवे, खालचा गालिचा नवा, किंमत बाजारभावापेक्षा साठ-सत्तर हजारांनी कमी. मी तर मनातून घेऊनच टाकली होती. मिस्त्री बोनेटकडे गेलेच नाहीत. ते तिसऱ्या रांगेत शिरले, डाव्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढून काढला. सुरुवातीचा दीड-दोन हात पट्टा काळा, स्वच्छ, धुतलेला होता. त्यापुढे पट्ट्याच्या रुंदीभर आडवी तपकिरी रेघ होती, आणि रेघेखालच्या विणीत बोटाला लागेल असा बारीक, वाळलेला गाळ. त्यांनी तो अंगठ्याने चोळून मला दाखवला. "दादा, कव्हर बदलतात, गालिचा बदलतात, पट्टा कोण बदलतंय?" एवढेच ते म्हणाले आणि पट्टा सोडून दिला. तो खडखडत आत गेला.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेल्या महापुरांत कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातील काही दुरुस्त होऊन दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जातात आणि घेणाऱ्याला वर्षभराने वायरिंगचे दुखणे सुरू झाल्यावर कळते. अर्टिगाच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर मानावा, कारण २०१८ नंतरच्या पेट्रोल गाडीत इंजिनाला विजेची थोडी मदत देणारी स्मार्ट हायब्रिड प्रणाली आहे आणि नेहमीच्या बॅटरीखेरीज एक लहान लिथियम-आयन बॅटरीही आहे. पट्ट्याशिवाय सीटच्या खालची रुळे, डॅशबोर्डखालच्या कंसांचे स्क्रू आणि डिकीच्या गालिच्याखालचा पत्रा येथेही गंज पाहावा. वरचेवर धुतलेल्या गाडीत या जागा सुटून जातात.

दुसऱ्या एका ठिकाणी काट्यावर ४९,००० किलोमीटर होते, पण ब्रेकच्या पेडलचे रबर एका कडेला गुळगुळीत झाले होते आणि स्टिअरिंगचा वरचा भाग हाताच्या घामाने चमकत होता. अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला की तेथे झालेल्या सर्व्हिसची नोंद पाहता येते. त्या गाडीची दोन वर्षांपूर्वीची शेवटची नोंद ९१,००० ची होती. आम्ही विक्रेत्याला ती दाखवली आणि परत आलो. गाडी जास्त चाललेली असणे हा दोष नाही. नीट सर्व्हिस झालेली ९१,००० किलोमीटरची गाडी मी घेतलीही असती, परंतु ज्याने काटा मागे फिरवला त्याने आणखी काय काय झाकले असेल हे शोधत बसण्याची माझी तयारी नव्हती. तिसरी गाडी आधी टॅक्सी होती आणि नंतर खासगी करून घेतलेली होती. मागच्या बंपरवर परावर्तक पट्टीचा फिकट आयत तसाच राहिला होता. अर्टिगा प्रवासी वाहतुकीत इतकी वापरली जाते की पांढरी पाटी पाहून निर्धास्त होऊ नये आणि आरसीचा पूर्वेतिहास विचारून घ्यावा.

परराज्यातील गाड्यांचाही मोह होतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात येतात. मात्र त्यासाठी तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो आणि नंबरही नवा घ्यावा लागतो. हा सगळा खर्च आणि हेलपाटे धरले की उरलेली बचत फारशी आकर्षक राहत नाही.

आमची गाडी शेवटी पुण्यातील एका कुटुंबाकडून थेट मिळाली. मधे दलाल नव्हता, त्यामुळे गाडी का विकताय, कोणी चालवली, कुठे ठोकली, हे प्रश्न त्यांच्या स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर बसून विचारता आले. मागचे डावे दार २०२२ मध्ये पार्किंगच्या खांबाला घासून रंगवले होते, हे त्यांनी आपणहून सांगितले आणि विम्याच्या दाव्याचा कागद दाखवला. आम्ही जाण्यापूर्वी गाडी सुरू करू नका, अशी विनंती आदल्या रात्रीच केली होती. मिस्त्रींनी आधी बोनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली, मगच किल्ली फिरवायला सांगितली. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होते का, धूर कोणत्या रंगाचा आहे, टॅपेटचा (इंजिनाच्या झडपांचा) आवाज किती वेळ राहतो, हे गरम इंजिनावर कळत नाही. बोनेट आणि फेंडरचे (पुढच्या चाकांवरील पत्र्यांचे) बोल्ट पाहिले, त्यांवरील रंग उडालेला नव्हता, म्हणजे ते कधी उघडलेले नव्हते. सर्व काचांवरील वर्षाच्या खुणा जुळत होत्या, म्हणजे एकही काच बदललेली नव्हती. टायरवरील चार आकडी खूण १४१९ होती, म्हणजे २०१९ च्या चौदाव्या आठवड्यातील, कारखान्यातून आलेले मूळ टायर. खोबणी शिल्लक होत्या, पण पाच वर्षांत रबर कडक झाले होते. याच मुद्द्यावर आम्ही वीस हजार कमी करून घेतले.

मग सर्व जण बसलो आणि गाडी चालवून पाहिली. येथे आत्याने असा प्रश्न विचारला जो मला किंवा मिस्त्रींना सुचला नसता. ती मधल्या रांगेत डाव्या बाजूला बसली, दोन मिनिटे थांबली आणि म्हणाली, "अरे, बसायला सोपं आहे, पण उतरताना हात कुठं धरू?" आम्ही पाहिले, तर दाराच्या वरच्या कडेला हात धरायची मूठ होती, पण तिचा खांदा तेवढा वर जात नव्हता. त्यांच्याच अंगणातील एक वीट खाली ठेवल्यावर ती पुढच्या सीटच्या पाठीला धरून आरामात उतरली. घरी आल्यावर आम्ही देवघरातील एक जुना लाकडी पाट गाडीत टाकला, तो आजतागायत तिच्या पायाशी असतो.

कागदपत्रांबाबत मी फार काटेकोर राहिलो. आरसीवर बँकेचा बोजा होता. विकणाऱ्यांनी कर्ज फेडलेले होते, पण बोजा उतरवलेला नव्हता, आणि ही गोष्ट अनेक घरांत अशीच राहून जाते. बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय इसाराच्या पुढची रक्कम द्यायची नाही, असे ठरवले होते आणि त्यांनीही ते समजून घेतले. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशीची तारीख आणि वेळ घालून दोघांच्या सह्यांची पोच केली. ही पोच दोघांच्याही हिताची आहे, परंतु विकणाऱ्यांनी तेवढ्यावर थांबू नये, कारण ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच मालक समजला जाईल आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येईल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रलंबित ई-चलने त्यांच्यासमोरच मोबाइलवर पाहिली. दोन होती, ती त्यांनी तेथेच भरली. त्यांचा फास्टॅग त्यांनी बंद केला, आम्ही नवा घेतला.

विम्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण येथे पुष्कळांची फसगत होते. गाडीसोबत विमाही आपोआप आपल्याला मिळाला, असे समजून लोक महिनोन्‌महिने तसेच फिरतात. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते हे खरे, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा करायचा असेल तर विम्यावर आपले नाव हवे. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत ही गाडीची नसून मालकाची असते, त्यामुळे ती जुन्या मालकाकडेच राहते आणि आपल्याला फरकाची रक्कम भरावी लागते. आम्ही नवा सर्वसमावेशक विमाच घेतला.

सगळा खर्च असा झाला. गाडीचे ७ लाख ४० हजार, नावावर करण्याचे साडेसहा हजार, विम्याचे २१ हजार, चार नव्या टायरांचे २२ हजार, सर्व्हिस, ब्रेक पॅड, कूलंट आणि एसीचा फिल्टर मिळून १४ हजार आणि बॅटरीचे ६ हजार. एकूण ८ लाख ९ हजार ५०० रुपये. जाहिरातीत दिसणाऱ्या किमतीवर आणखी साठ-सत्तर हजार हाताशी ठेवूनच जुनी मोठी गाडी पाहायला निघावे, हे यावरून ध्यानात येईल.

आता ती चालते कशी, हे. साताऱ्याहून उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर, हा आमचा नेहमीचा रस्ता. परतीला तोच घाट सात जणांसह चढायचा असतो आणि खरी परीक्षा तेथे होते. या इंजिनाचा जोर १३८ न्यूटन मीटरचा असला तरी तो इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांवर, मिनिटाला ४,४०० च्या सुमारास मिळतो. म्हणून वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाकावा आणि इंजिनाला मोकळेपणाने फिरू द्यावे. तिसऱ्यावर रेटत राहिले तर गाडी जड वाटते. हे एकदा अंगवळणी पडल्यावर एसी चालू ठेवून, कोणालाही खाली न उतरवता, ती पूर्ण घाट शांतपणे चढते. सरळ रस्त्यावर तिचे स्टिअरिंग हलके आहे आणि बसण्याची ठेवण लहान गाडीसारखीच असल्याने माझी पत्नीही ती पहिल्याच आठवड्यापासून शहरात चालवू लागली. कंपनीने सांगितलेले अ‍ॅव्हरेज लिटरला १९.३४ किलोमीटर आहे. मला साताऱ्यात १४, दोन-तीन माणसांसह महामार्गावर १७ ते १८, आणि सात जण, सामान व घाट असताना १३ मिळते.

सामानाबाबत कोणाचाही गैरसमज राहू नये. २०९ लिटर म्हणजे दोन मध्यम बॅगा उभ्या आणि वर दोन पिशव्या, एवढेच. सात जणांचे चार दिवसांचे कपडे, शिवाय गावाला न्यायचे तांदूळ-गूळ, हे त्यात मावत नाही. आम्ही आता कडक बॅगा बंद करून कापडी थैल्या वापरतो, दोघांमागे एक. सहाच जण असतील तर तिसऱ्या रांगेची अर्धी सीट दुमडता येते आणि मग सगळी चिंता मिटते. संपूर्ण रांग दुमडली की डिकी ५५० लिटरची होते. बाबांनी त्यात गावाहून आंब्याच्या आठ पेट्या आणल्या.

एसीचे मागचे झोत मधल्या रांगेच्या छतावर आहेत, तिसऱ्या रांगेला वेगळे नाहीत. त्यामुळे मे महिन्यात दुपारी निघाल्यास मागे गारवा पोहोचायला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि छतावरील पंखा सुरुवातीला पूर्ण वेगाने ठेवावा लागतो. तिसऱ्या रांगेच्या काचाही उघडत नाहीत. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला घाटात मळमळते, म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी तिला पाटणला थांबून देतो आणि कोयनानगरला पुन्हा पाच मिनिटे उतरवतो. तरीही मुले मागे आणि पत्नी मधल्या रांगेत आई व आत्याच्या मधोमध, अशीच रचना आम्ही ठरवली आहे, कारण मधल्या रांगेतील मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा आहे. तिसऱ्या रांगेत खांद्यावरून येणारे पूर्ण पट्टे आहेत आणि मुलांनी तेच लावावेत असा माझा आग्रह असतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत ही गाडी मध्यम आहे, हे स्वच्छ लिहिले पाहिजे. २०१९ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत हिला तीन तारे मिळाले होते. पुढे दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आहे, एवढेच. ट्रायबर आणि मराझो या दोन्हींना चार तारे आहेत. मी हे जाणून ही गाडी घेतली, आणि म्हणून सात जण असताना ताशी ऐंशीच्या पुढे जात नाही, टायरची हवा दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे भरलेल्या गाडीसाठी दिलेली ठेवतो, आणि रात्रीचा घाट टाळतो.

सव्वा वर्षात दोन सर्व्हिस झाल्या, त्यांचे मिळून १३ हजार गेले. पुढच्या बाजूचे, सस्पेन्शनमधील दोन लिंक रॉड आणि बुश गाडीच्या वयानुसार बदलले, त्याचे ३,८०० रुपये. सुटे भाग साताऱ्यात त्याच दिवशी मिळाले आणि आमच्या मिस्त्रींनी ते दुपारपर्यंत बसवूनही दिले.

आज खरेदी करणाऱ्यांनी एक बदल ध्यानात घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील आणि १,२०० सीसीपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ट्रायबर या गटात बसते, म्हणून दोन-तीन वर्षांची ट्रायबर घेणाऱ्याने आधी नव्या गाडीची किंमत विचारून मगच भाव करावा. अर्टिगा लांबीमुळे आणि इंजिनामुळे या गटाबाहेर, ४० टक्क्यांत आहे. तिच्या जुन्या गाड्यांचे भाव टिकून राहण्यामागे हेही एक कारण आहे, आणि विकणारा तुम्हाला तेच सांगेल. मात्र नोव्हेंबर २०१८ आणि २०२० दरम्यानच्या, मूळ टायर असलेल्या पेट्रोल गाड्यांत अजूनही वीस-तीस हजारांची घासाघीस होऊ शकते.

आमच्या गाडीचा क्लच आता थोडा वर पकडू लागला आहे, म्हणजे झिजत आला आहे. तो ९०,००० पर्यंत जाईल असा मिस्त्रींचा अंदाज आहे, पण पुढच्या गणपतीला सात जण घेऊन घाट चढायचा असल्याने आम्ही तो जुलैमध्येच बदलून घेणार आहोत.